कापलेली डावी बाजू

९ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी डहाणूच्या सभागृहात पाऊल टाकले आणि समोरचा फलक पाहून मला किळस आली.

माझी थोरली बहीण युद्धाची छायाचित्रे काढत असे. एकाहत्तर साली कॅमेरा घेऊन सीमेवर गेलेली दुसरी बाई तिला तिथे भेटली नाही. वृत्तपत्राने तिचे एक छायाचित्र कापून छापले, म्हणून तिने नोकरी सोडली. त्यानंतर ती प्रत्येक छायाचित्र निगेटिव्हच्या काळ्या कडेसकट छापी. कडा दिसते आहे, म्हणजे काही कापलेले नाही. शेवटची वीस वर्षे ती घोलवडला माझ्या वाडीत राहिली. शेजारी तिच्याकडे पासपोर्टचे फोटो काढून घ्यायला येत. तीही काढून देई. जाण्यापूर्वी तिने निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्या हवाली केला. "दाखवशील तर अख्खे दाखव. नाहीतर राहू दे."

ती गेल्यावर दोन वर्षांनी इथल्या एका समितीने तिच्या नावाचे कायमचे दालन करायचे ठरवले. अध्यक्ष चिकूचे व्यापारी. माझा माल त्यांच्याकडेच जातो. त्यांनी आणलेल्या संमतीपत्रात 'आवश्यक ते बदल करण्यास हरकत नाही' असे वाक्य होते. मी ते वाचले आणि सही केली. न वाचता केली असती तर निदान सबब उरली असती. त्या मंगळवारी डबाही त्यांच्या स्वाधीन करायचा होता.

फलक तलासरीहून छापून आणला होता. मूळ छायाचित्रात एक म्हातारी तांब्याने पाणी ओतते आहे आणि एक तरुण हात धुतो आहे. डावीकडे चटईखालून तीन माणसांची पावले बाहेर आली आहेत. त्यांच्यासाठी त्याने नुकताच खड्डा खणला आहे. फलकावर चटई नव्हती, पावले नव्हती, काळी कडा नव्हती. आभाळाला निळा रंग दिला होता. खाली झेंडूच्या रंगात शीर्षक होते: 'पाहुणचार'.

"डावी बाजू कुठे गेली?" मी विचारले.

"काका, उद्घाटनाला बायकामुलं येणार," अध्यक्ष म्हणाले. "सकाळी सकाळी मढी कशाला दाखवायची?"

"तो हात धुतो आहे."

"धुवू दे की! बघणाऱ्याला काय कळतंय? पाणी पितोय असंच वाटतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. "आणि हे तुम्ही मला शिकवता होय? पेटी भरताना डागी चिकू वरच्या थरात लावलात कधी?"

लावला नव्हता. देखणा माल वर, डागी तळाशी, अशीच पेटी मी पन्नास वर्षे भरली. आमच्याकडे बहुतेक जण तशीच भरतात. बहिणीचे छायाचित्रही त्यांनी त्याच सवयीने भरले होते, आणि परवानगी माझी होती. फलकाइतकीच मला माझ्या सहीची शिसारी आली.

सभागृह झाडणारी बाई झाडू टेकवून फलकाकडे पाहत होती. "बाबा, ह्याचे हात कोपरापर्यंत मातीचे," ती मला म्हणाली. "कुणाला पुरून आला काय?"

"तू झाड गं," अध्यक्ष म्हणाले.

मी संमतीपत्र मागितले.

"काका, डोकं ठिकाणावर ठेवा. ताईंचं नाव भिंतीवर लागतंय. तुमच्यामागे हा डबा भंगारवाला नेईल."

हे खरे आहे. मला मूलबाळ नाही. मी पत्रावर 'संमती मागे घेतली' असे लिहिले, तारीख आणि वेळ घातली, सही केली. फलक उतरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. अध्यक्षांनी एका माणसाला तो खाली घ्यायला सांगितले, पण माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मग चिकूची पुढची तोडही दुसऱ्या व्यापाऱ्याकडेच पाठवा." डबा काखोटीला मारून मी निघालो. तिचे नाव भिंतीवर लागले नाही. आता लागणारही नाही.

घरी येऊन डबा उघडला. निगेटिव्हशेजारचे ओल शोषणारे सिलिकाचे खडे दमट हवेने गुलाबी पडले होते. ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतले, निवल्यावर पुड्यांत बांधून डब्यात ठेवले आणि झाकणाच्या फटीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.