कुंडलिक सरांची पहिली दुरुस्ती

शेणव्याच्या कुंडलिक वेखंडेला दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचा नाद होता, आणि त्या नादापायीच त्याचं नुकसान झालं असं त्याची बायको रेश्मा म्हणते. तिचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वाचण्याने त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जळण्याने.

माणूस चाळिशीचा. पूर्वी किन्हवलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, म्हणून अजूनही सगळे त्याला सर म्हणतात. पुढे ठाण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं, तेव्हा त्याने मागच्या पडवीत टेबल मांडलं, कारण घरात नेटवर्क येतं ते तिथेच. कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी, सकाळी भाकरी खाऊन, तो तास-दीड तास एका छोट्या कर्नलचा कोड वाचत बसायचा. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, बाकीच्या प्रोग्रॅमांना कामं वाटून देणारा. पाण्याच्या पंपांवरच्या, मीटरमधल्या लहान यंत्रांत हा कर्नल चालायचा, आणि तो कोणाच्या मालकीचा नव्हता. जगातल्या कोणीही वाचावा, दुरुस्ती लिहून पाठवावी, दुसऱ्या कोणी तपासून ‘ठीक’ म्हटलं की ती लिहिणाऱ्याच्या नावासकट कायमची आत जावी, अशी तिथली रीत होती.

नऊ वर्षांत कुंडलिकने तीनशेच्या वर दुरुस्त्या तपासल्या. लिहिणारा पोलंडचा असो की बंगळुरूचा, चूक कुंडलिकच्या नजरेतून सुटायची नाही. त्याची स्वतःची दुरुस्ती मात्र एकही आत गेली नव्हती. दोनदा पाठवली, दोनदा परत आली, मग आपण वाचणारेच बरे असं त्याने स्वतःला बजावून टाकलं. खरं तर त्याला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

त्यात प्रियांका उगवली. प्रियांका हरड, मुरबाडकडच्या सरळगावची, त्याच्याच क्लासची मुलगी. एसटीने किन्हवलीला यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारून डोकं खायची. पुढे इंजिनिअर झाली, कल्याणला नोकरीला लागली. कर्नलची ओळख तिला करून दिली ती याच गृहस्थाने. दोन वर्षांत तिच्या सात दुरुस्त्या आत गेल्या. पहिलीला कुंडलिकने घरोघर पेढे वाटले, दुसरीला फोन केला, तिसरीला मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला, आणि चौथीपासून मोबाइल उलटा ठेवायला लागला. मुरबाडला तिच्या जुन्या शाळेने शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला, तेव्हा हा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता आणि तिच्या भाषणात आपलं नाव कितीदा येतं ते मोजत होता. दोनदा आलं. त्याला ते कमी वाटलं.

“अवो, तुमचीच पोर हाय ती,” रेश्मा म्हणाली. “तिचं नाव झालं तर तुमचं पोट कशाला दुखतं?”

“माझं पोट कुठं दुखतंय?” तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

तीन मार्चला तिची आठवी दुरुस्ती त्याच्याकडे तपासायला आली. ती होती कर्नलमधल्या एका कुलपाची, म्हणजे कोणाला कधी आत सोडायचं ते ठरवणाऱ्या भागाची. यंत्रात एक यादी असते. ती नुसती वाचणारे प्रोग्रॅम कितीही असोत, एकाच वेळी वाचू शकतात, कोणाला कोणाची अडचण नसते. पण एखाद्याला यादीत लिहायचं असेल, तर सगळे वाचणारे बाहेर गेल्याशिवाय त्याला आत सोडता येत नाही, नाहीतर कोणी अर्धी जुनी आणि अर्धी नवी यादी वाचायचा. जुन्या कुलपात गोची अशी होती की एक वाचणारा बाहेर पडेपर्यंत दुसरा आत शिरायचा, आणि लिहिणारा दाराशी ताटकळत राहायचा.

प्रियांकाने त्यावर सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. आमच्या गावच्या विहिरीवर बाया एकाच वेळी चार बाजूंनी पाणी शेंदतात. पण गाळ काढायला माणूस उतरायचा असतो तेव्हा तो काठावर येऊन उभा राहिला की नव्या येणारीने हंडा खाली ठेवून थांबायचं, आधीच्या बायांनी आपलं पाणी काढून बाजूला व्हायचं, मग तो उतरतो. कुलपालाही तेच शिकवलं आहे.

इतकं सोपं. कुंडलिकच्या अंगाचा तिळपापड झाला. विहीर काय सरळगावातच होती? शेणव्यालाही होती. पाणी शेंदून त्याच्याही हाताला घट्टे पडले होते, आणि त्या कुलपापुढे तो नऊ वर्षं बसून होता.

पण वाचणारा तो वाचणाराच. पाव तासात त्याला चूक सापडली. कर्नलच्या एका कोपऱ्यात एक प्रोग्रॅम यादी वाचता वाचता, पहिलं वाचन न संपवता, पुन्हा वाचायची परवानगी मागायचा. जुन्या कुलपात ते चालून जायचं. नव्यात मधेच लिहिणारा येऊन उभा राहिला, तर या बिचाऱ्याला दुसऱ्या खेपेला दारातच अडवणार. तो पहिलं वाचन सोडणार नाही, आणि ते सुटल्याशिवाय लिहिणारा आत जाणार नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत राहणार आणि यंत्र ठप्प होणार.

उपाय अठरा ओळींचा होता. जो आधीच आत आहे, त्याला पुन्हा अडवायचं नाही. कुंडलिकने तो तिथल्या तिथे लिहिला, चालवून बघितला आणि जपून ठेवला. मग तिला कळवायला बसला, आणि बोटं थांबली. कळवलं तर ती अठरा ओळी आपल्या दुरुस्तीत घालणार, सरांचे आभार मानणार, आणि नाव पुन्हा तिचंच लागणार. पण चूक आत गेल्यावर जर कोणी सुधारली, तर रीतीप्रमाणे सुधारणाऱ्याच्या नावाने वेगळी नोंद होते, आणि चूक कोणाच्या दुरुस्तीतली तेही त्या नोंदीत लिहावं लागतं. त्याला ते चित्र फार आवडलं. वर त्याचं नाव, खाली तिची चूक.

त्याने ‘ठीक’ असं लिहून पाठवलं.

सहा तारखेला तिची दुरुस्ती आत गेली. नऊ तारखेपासून चाचणीला लावलेली यंत्रं गोठायला लागली, कधी सकाळी एक, कधी दुपारी दोन. दहा तारखेला तिचा फोन आला. आवाज पार उतरला होता.

“सर, माझंच कायतरी चुकलंय का? तुमी वाचलंय ना सगळं?”

“वाचलंय गो,” तो म्हणाला. “मला तर काय चूक दिसत नाय.”

फोन ठेवल्यावर त्याला थोडी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त गंमत वाटली. आणखी चार दिवस त्याने कळ काढली. लगेच पाठवलं तर संशय यायचा, एवढी अक्कल त्याला होती. चौदा मार्चला त्याने जपून ठेवलेली दुरुस्ती काढली, सोबतचा मजकूर तीनदा घासूनपुसून लिहिला आणि पाठवून दिली. दुपारपर्यंत ती आत गेली. पोलंडच्या माणसाने लिहिलं, कमाल आहे, इतक्या कोपऱ्यातली चूक सापडली तरी कशी. कुंडलिकने रेश्माला बोलावून पडद्यावरचं आपलं नाव दाखवलं आणि दोन दिवस हवेत चालला.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रियांका आली. आधी फोन नाही, काही नाही. रेश्माने चहा ठेवला. प्रियांकाने पडवीत बसून लॅपटॉप उघडला आणि त्याची नोंद त्याच्यापुढे धरली.

“सर, ही तारीख बघा.”

त्याने पाहिलं. दुरुस्ती आत गेल्याची तारीख चौदा होती. पण शेजारी दुसरी तारीख होती, मुळात लिहिल्याची. तीन मार्च, सकाळी दहा चाळीस. पहिल्यांदा जपून ठेवलं की ती वेळ नोंदीला चिकटते आणि मजकूर कितीदा बदलला तरी सुटत नाही, हे कुंडलिकला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या नोंदींवरच्या दोन्ही तारखा तो नऊ वर्षं वाचत आला होता. स्वतःची नोंद आयुष्यात पहिलीच, ती वाचून बघायचं त्याला सुचलंच नाही.

“माझी दुरुस्ती आत गेली सहाला,” ती म्हणाली. “तिच्यातली चूक तुमी तीनलाच दुरुस्त केली. तुमच्या मशीनचं घड्याळ मागं पडलं असंल ना, सर?”

ती त्याला वाट करून देत होती. नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला ते जमलं नाही.

“घड्याळ बरोबर हाय,” तो म्हणाला. “जळलो तुझ्यावर. तुझ्या चुकीवर माझं नाव लावायचं होतं.”

ती म्हणाली, “दहा तारखेला मी कर्नलवाल्या सगळ्यांना पत्र लिवून ठेवलेलं. माझ्याच्यान हे काम होत नाय, माझं नाव काढून टाका, म्हणून.”

“मग पाठवलं का नाय?”

“तुमाला फोन केला. तुमी म्हणालात, चूक दिसत नाय. म्हटलं, सरांना दिसत नाय म्हणजे मी येवढी पण वाईट नसंन. म्हणून नाय पाठवलं.” तिने लॅपटॉप मिटला. “आता कोणाला विचारू?”

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. आतून रेश्माने तिच्यासाठी भात टाकू का म्हणून हाक दिली, तोवर ती चपला घालून पायरी उतरली होती. कुंडलिकला तिला थांबवावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिचा हेवाही वाटला. एवढी वर्षं तिला विचारायला कोणीतरी होतं. त्याला कधीच कोणी नव्हतं.