आबाचं बीपी

आमच्या खोलीतल्या आबाला अजून धड दाढीही आली नव्हती, तरी वर्गाने त्याला आबा करून टाकलं होतं. कारण त्याचे उपदेश. "पाणी पी रे." "जिन्याने जा, पाय काय शोभेला दिलेत?" "बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे." हे सांगताना त्याच्याच तोंडात बिस्किट असायचं. चिडवलं की म्हणायचा, "आधी डॉक्टर होऊ दे, मग आयुष्यभर पालेभाज्याच खातो."

त्याचे वडील बस चालवायचे. स्टिअरिंगवर असतानाच त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बस कशीबशी कडेला लागली, पण उजवं अंग गेलं ते गेलंच. बीपी होतं, कुणी कधी मोजलंच नव्हतं. आबा डॉक्टर व्हायला निघाला तो त्यामुळेच.

पेशंटला हात लावण्याआधी एकमेकांवर सराव करायचा, ही आमच्याकडची रीत. बीपीच्या सरावाला आबा सगळ्यांचा लाडका, कारण हाक मारली की बाही वर. त्याचं बीपी मात्र कुणालाच 'बरोबर' यायचं नाही. सदा जास्त. आपण शिकाऊ, म्हणजे चूक आपलीच, हे सगळे धरून चालायचे. दंडावरचा पट्टा ढिला असेल, हवा भरकन सोडली असेल, आबा जिना चढून आला असेल. मग पाहिजे तो आकडा मनात धरून पुन्हा मोजायचं. तो आकडा आला की आबाच पाठ थोपटायचा, "जमलं बघ लेका!"

परीक्षेच्या तोंडावर मॅडमनी वर्गाला दाखवायला म्हणून आबालाच पुढे बोलावलं. मोजलं. मग मोठा पट्टा मागवून दुसऱ्या हाताला बांधला. त्याला शांत बसवून परत मोजलं.

"घरी कुणाला आहे?"

"वडिलांना."

"आणि तुला कधीपासून?"

आबाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही आपापल्या स्टेथोस्कोपची नळी निरखत होतो.

"तपासण्या करून घे, औषधाचं मग बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी पुरेशी झोप, रोज चालणं, वेळेवर जेवण. आणि उद्या उजाडायच्या आत वॉर्डात हजर राहा, दुपारचा सेमिनार तुझाच आहे."

"हो, मॅडम."

आबा चालायला लागला. सोबत मीही. पण खानावळ उघडायची तेव्हा आम्ही वॉर्डात, आणि सुटून यावं तर तिथे भांडी घासायला काढलेली. आधी चालणं सुटलं, मग झोप. एकदा मी त्याच्या हातातला चहा काढून घेतला.

"घे. आणि उरलेले धडेही तूच वाच माझ्याऐवजी," तो म्हणाला.

माझ्या दुसऱ्या हातात माझा कप होताच.

परवा ओपीडीत एका ट्रकचालकाला पथ्य समजावायचं काम आबाकडे आलं. त्याने सगळं नीट सांगितलं. चालक हसला. "पटतंय हो, डॉक्टर. पण जेवण मिळेल तिथं, झोप मिळाली तर. यात हे बसवू कुठं, तेवढं सांगा."

एरवी कुणाला बोलू न देणारा आबा त्याच्या केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख लिहायला लागला.

खोलीवर आलो तेव्हा त्याच्या आईचा फोन आला. "जेवलास का रे?"

"हो गं, आत्ताच." समोर बिस्किटाचा पुडा.

फोन ठेवून त्याने बाही वर केली. "मोज."

मी मोजलं. कान देऊन, सावकाश हवा सोडत. आता मला नीट मोजता येत होतं.

"किती?"

मी स्टेथोस्कोप कानातून काढला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "पट्टा ढिला असेल रे. परत घे."

मी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधायला लागलो.