सातव्या महिन्यातलं ग्रहण

तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या जैनथला बसस्टँडसमोर संतोषचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत त्याची बायको मीनल साड्यांना फॉल-पिको करून देते. काही वर्षांपूर्वी आदिलाबादच्या खगोल मंडळाने तिच्या मुलीच्या शाळेत आकाशदर्शन ठेवलं आणि पालकांनाही बोलावलं. मीनल रांगेत उभी राहिली. दुर्बिणीला डोळा लावला, शनीचं कडं पाहिलं आणि मागे वळून विचारलं, "आत चित्र तर नाई ना चिकटवलं?"

मंडळाचे अध्यक्ष अमृतराव डिग्री कॉलेजातून निवृत्त झालेले. ते हसले आणि त्यांनी दुर्बीण बोटाने जराशी ढकलली. कडं निघून गेलं, नुसतं काळं आभाळ राहिलं.

"आता तुम्हीच शोधून काढा," ते म्हणाले.

तिला शनी सापडेपर्यंत रांग खोळंबली, लोक कुरकुरले. पण मीनलने शोधला.

त्यानंतर ती मंडळात जाऊ लागली. मंडळात सगळे पुरुष, बहुतेक तेलुगू बोलणारे. पैनगंगेच्या काठच्या गावांत मात्र माणसं मराठीत सांगितलेलंच मनापासून ऐकतात, म्हणून अमृतरावांनी त्या गावांचं काम हळूहळू तिच्यावरच सोपवलं. दुर्बीण ऑटोत मांडीवर आडवी धरून ती जायची. समाजमंदिरापुढे, शाळेच्या मैदानात उभी राहून चंद्रावरचे खड्डे दाखवायची. म्हाताऱ्या बायका डोळा लावायच्या आधी पदर सारखा करायच्या, काही हात जोडायच्या. मीनल त्यांना हसत नसे. ती एवढंच म्हणायची, "हात जोडा, पण डोळा मिटू नका."

संतोषची हरकत नव्हती. सासू प्रयागबाई तोंडाने काही म्हणत नसत, पण मीनल कार्यक्रमावरून आली की हातपाय धुतल्याशिवाय तिला चुलीपाशी येऊ देत नसत.

दोन हजार बावीसच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. मावळता सूर्य ग्रहणातच बुडणार होता. देवळं बंद, हॉटेलं बंद, रस्ता ओस. मंडळाने जैनथच्या शाळेच्या मैदानात दुर्बीण लावली होती. पुढच्या काचेवर सूर्याचं फिल्टर बसवलं होतं, आणि लोकांना घालायला काळे चष्मे ठेवले होते. लोक आले थोडेच. त्यात मीनलची धाकटी जाऊ सपना आली. सातवा महिना लागलेला. सासू देवघरात जपाला बसल्यावर ती मागच्या दाराने निघाली होती.

मीनलने विचारलं, "घरी सांगून आली का?"

"सांगतलं असतं तर येऊ देलं असतं का? मले बी पाहू द्या ना ताई. तुमी हाय ना इथं."

मीनलने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःच्या हाताने सपनाच्या डोळ्यांवर चष्मा बसवला. सूर्याचा एक कोपरा कुणी चावा घेतल्यासारखा गेला होता. सपना पाहतच राहिली. "एवढंच होय," ती म्हणाली. "याच्यासाठी आमाले कोंडतेत?"

अमृतरावांनी तेवढ्यात फोटो काढला. पोटावर हात ठेवून वर पाहणारी सपना आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेली मीनल. संध्याकाळी तो मंडळाच्या फेसबुकवर आला, दुसऱ्या दिवशी एका तेलुगू पेपरच्या जिल्हा पानावर. "अंधश्रद्धेला जैनथच्या सुनांची चपराक," असं अमृतरावांनी वर लिहिलं होतं. त्यांना फार आनंद झाला होता. त्यांनी मीनलला फोन करून सांगितलं, "इतक्या वर्षांत मंडळाचं इतकं नाव कधी झालं नव्हतं."

घरात प्रयागबाईंनी जेवण सोडलं. सपनाचा नवरा देवानंद दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग दिवस गेले तसं सगळं निवलं.

जानेवारीत सपनाला मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता.

प्रयागबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. बाळंतिणीला पाहायला आलेल्या प्रत्येक बाईसमोर त्या बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "पाहा. मोठीनं नेलं होतं हिले गिरान पाहाले." फोटो पुन्हा मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागला. या वेळी वर काही लिहिलेलं नव्हतं, खाली बाळाचा फोटो जोडलेला होता.

मीनलने खूप सांगितलं. बाळाचे ओठ दुसऱ्या महिन्यातच पोटात जुळून येतात, तेव्हा जुळले नाहीत तर ते फाटलेले राहतात. सातव्या महिन्यात सूर्य पाहून ते फाटत नाहीत. तिने हे मुलीच्या पुस्तकात पाहून, आरोग्य केंद्रातल्या नर्सला विचारून पक्कं केलं होतं. घरात कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी ती सपनाकडे गेली.

"तू तरी सांग. तू आपल्या मनानं आलती ना?"

सपना बाळाला चमच्याने दूध पाजत होती. दूध ओठाच्या फटीतून बाहेर येत होतं. तिने वर पाहिलं नाही. बाहेर ओसरीवर सासू आणि नवरा बसले होते, आणि दार उघडं होतं.

"मले काय समजत होतं?" सपना म्हणाली, ओसरीवर ऐकू जाईल इतक्या आवाजात. "ताई म्हणल्या चाल, मी गेली."

मीनल उठून आपल्या खोलीत गेली. त्या दिवसानंतर तिने सपनाला कधी त्याबद्दल विचारलं नाही.

तिने आदिलाबादला जाऊन अमृतरावांना गाठलं. म्हणाली, "सर, तुमी एकदा गावात या. तुमचं लोक ऐकतेत. चार लोकांत सांगा की यात ग्रहणाचा काई संबंध नाई."

अमृतरावांनी चहा मागवला. चष्मा पुसला. "मीनलताई, मंडळाला शाळांची परवानगी लागते. आता वाद वाढवण्यात अर्थ नाही. थोडे दिवस जाऊ द्या."

"फोटो तुमीच टाकला ना सर?"

"तो मी काढून टाकलाय," ते म्हणाले. "कालच."

ती परत आली. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, तिच्या तळाशी बारीक अक्षरांत एक नवी ओळ होती: गरोदर महिलांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावे. मीनलने ती दोनदा वाचली आणि ग्रुप सोडला. कुणी का सोडला म्हणून विचारलं नाही. काठच्या गावांतले कार्यक्रम बंदच पडले. फॉल-पिकोलाही फटका बसला. घरात गरोदर सून असली की बायका साडी जैनथऐवजी आदिलाबादला नेऊ लागल्या.

बाळाच्या ओठाचं ऑपरेशन नागपूरला झालं. देवानंदबरोबर संतोष गेला होता. मीनलला कुणी चल म्हटलं नाही. परत आल्यावर अंथरूण घालताना संतोष हळूच म्हणाला, "डाक्टर बी तेच सांगत होता, तू म्हणत होती ते. दुसऱ्या महिन्यातच होते म्हणे. देवानंदसमोर सांगतलं त्यानं."

"मग देवानंदनं घरी सांगतलं का?"

"नाई."

"तुमी सांगा."

संतोष उशी झटकत राहिला. "आता सांगून काय होते? ओठ तं जुळला ना. घर कायले तोडतं."

"माहं काय?"

"तुहं काय," तो म्हणाला. "तू घरचीच हाय."

सपनाच्या मुलीचं नाव प्रीती ठेवलं. ती चालू लागली, बोलू लागली. काही अक्षरं अडायची, पण बोलणं समजायचं. मीनलच्या खोलीकडे ती वळली की प्रयागबाई तिला हाक मारून घेत. मीनलने तिला क्वचितच उचललं असेल.

पुढे सपनाला पुन्हा दिवस गेले. नववा महिना आणि दोन हजार सव्वीसच्या होळीचं चंद्रग्रहण एकत्र आलं. चंद्र उगवणारच होता ग्रहण लागलेला. दुपारपासूनच प्रयागबाईंनी सपनाला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, घरातली विळी, कात्री, सुया सगळ्या उचलून ठेवल्या. मग त्या मीनलकडे आल्या.

"तू बस तिच्यापाशी. दार लावून घे. तुह्या हातानं झालं तं तुह्याच हातानं राखणं होऊ दे."

मीनलने संतोषकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

ती आत गेली आणि तिने कडी लावली. अंधारात दोघी जमिनीवर बसल्या. शाळेच्या मैदानातून स्पीकरचा आवाज येत होता. मंडळाने नवा माणूस ठेवला होता, तो तेलुगूत काहीतरी समजावत होता. मधूनच पोरं ओरडत होती. खोलीत गदमदत होतं. सपना घामाने भिजली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ताई, चंद्र उगवला असन का? कितीक सुटलं असन?"

मीनलला ते माहीत होतं. चंद्र क्षितिजावर आला तेव्हाच अर्ध्याहून जास्त उजळलेला असणार, एका बाजूला सावलीचा काळपट घास उरलेला असणार, आणि तो पूर्ण सुटायला फार वेळ राहिला नसणार. पूर्वी हेच तिने ऑटोतून उतरून, स्टुलावर उभं राहून गावोगाव सांगितलं असतं.

"मले नाई माईत," ती म्हणाली.

सपनाने पदराने गळ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "तुमी मले माफ करा, असं मी कशी म्हणू? मले याच घरात राहाचं हाय."

बाहेरून प्रयागबाईंनी दार वाजवेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

पंधरवड्यात सपनाला मुलगा झाला. धडधाकट, ओठ नीट. प्रयागबाई दारात पेढे वाटत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "या बारीनं आमी कोंडून ठेवलं होतं. पाहा, कसं लेकरू झालं." बायका माना हलवत होत्या. मीनल पेढ्यांचं ताट धरून त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्याकडे पाहून कुणी काही बोललं नाही. आता बोलायची गरजही उरली नव्हती.

तीन वर्षांची प्रीती उंबऱ्यात बसून पेढा खात होती. तिच्या वरच्या ओठावर टाक्यांची बारीक रेघ आहे. आजी काय सांगते आहे ते ती खाणं थांबवून ऐकत होती.