सगळ्यांसाठी काढा

आवडीला यंत्राची भीती कधीच नव्हती. पन्नाशीला साक्षरता वर्गात अक्षरं शिकली आणि महाडच्या डेपोत एसटीची पाटी स्वतः वाचून गाडीत चढायला लागली. नवरा, गोमाजी, चेष्टा करायचा, "आता कलेक्टर व्हतेस का गो?"

"झाले तर तुला शिपाई ठेवीन," ती म्हणायची.

लेक अंकिता पुण्यात मोबाइलची अ‍ॅपं बनवणाऱ्या कंपनीत लागली. घरातल्या सगळ्यांचे आवाज आणि फोटो एका जागी ठेवणारं 'पडवी' नावाचं अ‍ॅप तिच्या गटाने केलं, ते तिने आधी वरंधच्या वाडीत आईबापाच्या फोनवर घातलं. गोमाजीला लिहिता येत नव्हतं. तो बोलून निरोप पाठवायचा. "अंके, म्हैस व्यायली. रेडकू काळंभोर हाय, तुझ्यावर गेलंय." मग आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायचा. असे एकोणीस निरोप त्याच्या फोटोखाली जमले, आणि माघात तो गेला.

वर्षभर आवडी सकाळी म्हशीची धार काढून आली की फोन घेऊन बसायची. गोमाजीच्या फोटोखालचा त्रिकोण दाबला की तो बोलायचा. शेजारीण तुळजाबाई कुंपणावरून विचारायची, "झाला का भावजींशी बोलून?"

वर्षश्राद्धाला डोंबिवलीहून पुतण्या किशोर आला, पोलादपूरहून नणंद आली, शेजारची तुळजाबाईही आली. आवडीने एकच हट्ट धरला होता. "पानं वाढायच्या आधी ते बोलतील. सगळ्यांनी ऐकायचा. मंग जेवायचा."

अंकिता आत स्वयंपाकघरात वडे तळत होती. पुढे ओटीवर आवडीने फोन उघडला. त्याच आठवड्यात अ‍ॅप नवं झालं होतं. पडदा मोकळा दिसावा म्हणून त्रिकोण काढला होता. आता फोटोला हलकं बोट लावलं की आवाज यायचा. पण आवडीचं बोट खुरप्याचं, कोयत्याचं. त्याला हलकं माहीत नव्हतं. तिने फोटो दाबला आणि दाबूनच धरला.

फोटोखाली तीन शब्द आले. तिने बोटाने एकेक अक्षर लावलं. पाठवा. लपवा. काढा.

विहिरीतून पाणी काढायचं, कणगीतून भात काढायचं, ट्रंकेतून लुगडं काढायचं. आत आहे ते हातात घ्यायचं, त्याला काढणं म्हणतात. तिने 'काढा' दाबलं. फोनने विचारलं, फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी?

"बघ, इचारतोय पन कसा!" ती कौतुकाने नणंदेला म्हणाली. आणि 'सगळ्यांसाठी' दाबलं.

फोटो गेला. ओटीवर सगळे वाट बघत राहिले.

"काकी, आवाज वाढव की," किशोर म्हणाला. मग त्याने स्वतःच्या फोनवर 'पडवी' उघडलं. तिथेही काही नव्हतं.

किशोरची हाक ऐकून अंकिता पिठाचे हात घेऊनच धावत आली. तिने आईचा फोन पाहिला, आपला पाहिला. मग अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं ते तिला पाठ होतं. सगळ्यांसाठी पुसलेलं परत येत नाही. तसंच असावं असं गटाच्या बैठकीत तीही म्हणाली होती.

ती आत आली. "आई, काढा म्हणजे पुसून टाका. बाबांचं सगळं पुसलं गेलं."

"सगळा?"

"एकोणीसच्या एकोणीस."

आवडी फोनकडे बघत राहिली. "मी तर वाचून दाबला गो. नीट वाचला. कुनी लिवला तो शब्द?"

'काढून टाका' त्या बटणात मावत नव्हतं. मराठी शब्द ठरवायचं काम गटात एकटीच मराठी म्हणून अंकिताकडे आलं होतं. तिने 'टाका' उडवलं होतं.

"मी," ती म्हणाली.

तुळजाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

"तू?" आवडीचा आवाज चढला नाही. "अंके, त्यांची आठवन काढते म्हनले, तर तुला काय ऐकू येतं गो?"

आत तेल जळायला लागलं होतं. नणंद उठली, गॅस बंद केला आणि कुणाला न विचारता पानं मांडायला घेतली.