दगडाची मागची बाजू

लेकीकडे अमेरिकेत आलोय. तिच्या घरामागच्या जुन्या दफनभूमीत रोज फिरायला जातो. तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सैनिकाचं थडगं आहे. दगडावर समोर त्याचं नाव, हुद्दा, पलटण. बायकोचं नाव मागे. दगडाला वळसा घातल्याशिवाय ती तिथे आहे हेच कळत नाही. काल एक म्हातारी नेमकी ती मागची बाजू ब्रशनं घासत होती. त्या दोघांची पणती. म्हणाली, "समोरचं काय, सगळेच वाचतात."

मला आमचा कुलवृत्तांत आठवला. संपादक मीच होतो. धाकट्या बहिणीनं, सुधानं, जातीबाहेर लग्न केलं म्हणून काकांनी तिचं नाव गाळायला सांगितलं आणि मी गाळलं. काका निमित्त, भ्यालो मी. प्रकाशनाला ती आली होती. आमच्या घरचं पान तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दादा, छपाई सुबक झालीय."

आजवर हे कुणाला सांगितलं नाही. आज चुलतभावांना कळवून टाकलं: नव्या आवृत्तीत सुधा असेल, तिचा नवरा आणि मुलंही, माझ्या नावाला लागून. ज्याला लाज वाटेल त्यानं आपलं नाव काढून घ्यावं. बाकीचं पान कोरं राहिलं तरी चालेल; आम्ही दोघं भावंडं त्यावर असू.