छत्रीकाकांची सुट्टी

मिटलेली लाल छत्री डोक्यावर उंच धरायची आणि माणसांचा घोळका मागून चालवायचा, हा छत्रीकाकांचा जन्मभराचा धंदा. सहलींच्या कंपनीत टूर मॅनेजर. क्रूझवर तर इतक्या वेळा गेले की बोटीवरचे वेटर दिसल्या दिसल्या विचारायचे, "या खेपेला किती मेंढरं?" कुठल्या डेकवर वारा जास्त, बुफेची रांग कधी ओसरते, सगळं तोंडपाठ. जगाला फिरवलं हो या माणसानं! फक्त बायकोला कधी नेलं नाही. "निवृत्त झालो की जाऊ," हे पालुपद मात्र नेमानं ऐकवलं.

आणि निवृत्त झाल्यावर? खुर्चीत बसले ते बसलेच. कशात म्हणून राम वाटेना. जेवण बेचव, टीव्हीची कटकट, पाहुणे नकोत. शेवटी लेकीनं दोघांची क्रूझची तिकिटं काढून हातात ठेवली. बॅग भरता भरता काकू म्हणाल्या, "अहो, एक सांगून ठेवते. तिथेही असंच सुतकी तोंड करून बसलात, तर परत आल्यावर मी ताईकडे राहायला जाणार. कायमची." त्यांचा आवाज चढला असता तर काकांनी मनावर घेतलं नसतं. तो चढला नाही, आणि काका मुकाट्यानं बॅग भरू लागले.

मग काय, बोटीवर आनंदी व्हायचा आटापिटा सुरू! टोपी घालून डेकवर बसले, गाण्यांना टाळ्या वाजवल्या, पोहण्याच्या तलावात पाय सोडून पाहिले. आत काही हलेल तर शपथ. वर जिभेला लगाम नाही. काकू समुद्राकडे बघायला लागल्या की, "थांब, आता डावीकडे दीपगृह येईल." एकदा पाण्यात डॉल्फिन उसळला. "अहो, ते बघा!" म्हणत काकूंनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. काका म्हणाले, "इथे नेहमीच असतात." त्यानंतर काकूंनी त्यांना काही दाखवलं नाही. काकांना ते कळत होतं, कळून जीव तुटत होता, पण करणार काय? बाथरूमचा नळ सोडून हा माणूस आरशापुढे हसायचा सराव करायचा. स्वतःचं ते हसू बघून त्यांनाच धडकी भरायची.

मग एक बंदर आलं. गावात फेरफटका मारून दोघं धक्क्याकडे परतत होते, तर वाटेत त्यांच्याच बोटीवरच्या काही म्हाताऱ्या रडवेल्या होऊन उभ्या. रस्ता चुकलेला, त्यांचा मॅनेजर बेपत्ता. छत्रीकाकांच्या अंगात वीज संचारली. सवयीनं सोबत आणलेली लाल छत्री वर गेली. "चला, माझ्या मागे या!" बोटीच्या शिडीपाशी उभं राहून एकेकीला मोजून वर चढवलं. सगळ्या बरोबर भरल्या. काकांची छाती फुगली. मोठ्या खुशीत ते वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला. एका केबिनचा नंबर पुकारून सांगितलं, इथला एक प्रवासी परतलेला नाही, बोट थांबणार नाही. काका खुदकन हसले. "बघ, प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक नग असतोच! आता शेवटचा भोंगा होईल, मग बघ कसा धावत..." असं म्हणत ते शेजारी वळले.

शेजारी कुणी नव्हतं. नंबर त्यांच्याच केबिनचा होता.

ती मागून येतच असेल, असं काका धरून चालले होते. परक्या बायका नीट मोजल्या आणि आपली मोजलीच नाही. आज नाही, इतक्या वर्षांत कधीच नाही. वाकून पाहिलं तर खाली धक्क्यावरच्या बाकावर काकू बसलेल्या, मांडीवर पर्स, नजर बोटीकडे. हात हलवत नव्हत्या की हाका मारत नव्हत्या.

काका धडाधड जिने उतरत सुटले. लोकांना धक्के दिले, माफीसुद्धा मागितली नाही. शिडी काढायला आलेला खलाशी ओरडला, "उतरलात तर परत घेणार नाही!"

"नका घेऊ!"

धापा टाकत बाकापाशी पोचले. "अगं, तू आली का नाहीस?"

"मोजता का, ते बघत होते," काकू म्हणाल्या. "म्हटलं, भोंगा होईपर्यंत तरी आठवेल."

काकांना रडूच फुटलं. भर धक्क्यावर, छत्री बगलेत घेऊन, हमसून हमसून. "चुकलो गं. मला मजा करताच येत नाही. काय वाटेल ते केलं, येतच नाही. पण तू ताईकडे जाऊ नकोस."

काकूंनी सरकून जागा दिली. भोंगा वाजला तसे काका दचकून उडाले. वरून हजारदा ऐकलेला तो आवाज खाली असा छातीत घुसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोट हलली. उन्हात सगळ्या खिडक्या झळाळल्या. "काय देखणी दिसते गं!" काकांच्या तोंडून निघून गेलं. काकू बोटीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होत्या.

"आता पुढे काय?" त्यांनी विचारलं.

काकांना सगळं पाठ होतं. एजंटचं ऑफिस कुठे, पुढच्या बंदराची बस कुठून सुटते. मागे राहिलेल्या कितीतरी जणांना त्यांनी असंच पोचवलं होतं. शब्द जिभेवर आले. त्यांनी ते गिळले.

"ठाऊक नाही. तू सांग."

"खोटारडे," काकू म्हणाल्या. मग उठल्या, त्यांच्या बगलेतली छत्री काढून घेतली आणि उंच धरली. "या माझ्या मागे. आणि हरवू नका."