काजळी धरलेली नळी

मी रागावलो की घरातली माणसं हसतात. माझे कान तांबडे होतात आणि आवाज बारीक होतो, त्याला मी काय करू? पण गेल्या दसऱ्याचा राग अजून उतरलेला नाही. यावेळी बायकोही हसत नाही, कारण त्यात गेलेलं भात तिने लावलं होतं.

आमच्याकडे वडिलांपासूनची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-छर्रे गजाने ठासून भरायची, बंदूक आहे. परवाना शेतीच्या राखणीचा, आता माझ्या नावावर. मसुरे गावाच्या अंगाला आमचा मळा. भात पिवळं पडलं की रानडुकरं उतरतात. एक बार काढला की कळप काही दिवस फिरकत नाही. बंदुकीचं काम एवढंच. माझ्या छर्ऱ्यांनी आजवर जीव घेतला असेल तर एका फणसाचा.

दसऱ्यानंतर कापणी धरायची होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मुंबईहून थोरला चुलतभाऊ आला. हल्ली तो कुठल्याशा नेमबाजीच्या वर्गाला जातो. चहा संपायच्या आत त्याने बंदुकीच्या नळीत डोळा घातला.

"अरे, ही तर आतून गुळगुळीत! नळीला आतून स्क्रूसारखे आटे हवेत. गोळी फिरत गेली की सरळ जाते."

"दादा, आटे गोळयेसाठी. मी छर्रे मारतंय. आट्यांच्या नळीतसून छर्रे मारलंस तर ते फिरान कडेक पांगतत आणि मधी भगदाड. त्यातसून डुकर जेवान जायत."

"तू आधी नेम म्हणजे काय ते शीक."

परवाना माझा, त्याला हातही लावू द्यायला नको होता. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, कुंपणाला करवंटी बांधून दिली.

वडिलांच्या वेळच्या शिशाच्या गोळ्या डब्यात होत्या, छर्ऱ्यांऐवजी दादाने त्या ठासल्या. पहिली गोळी माडाकडे गेली, दुसरी कुठे गेली ते कळलंच नाही. दादा म्हणाला, गोळी नळीत सैल बसते, म्हणून हेलपाटते. कापडात घट्ट गुंडाळू. त्याने दोरीवरचा माझा नवा पंचा फाडला. पुढच्या गोळीने करवंटी फुटली आणि दादा फुगला.

काळी दारू जळते तेवढीच काजळी मागे ठेवते. आमच्या दमट हवेत ती पाणी ओढून डिंकासारखी होते आणि प्रत्येक बाराला नळी अरुंद करते. सैल गोळी तरी उतरते. घट्ट गोळी काय उतरणार? आणि ह्याचे लाडके आटे असते तर काजळी आधी त्यांच्यातच भरली असती.

"दादा, आता गरम पाणी घालून नळी धुवया."

"एकच अजून."

ती एक अर्ध्या नळीत अडकली. खाली दारू, वर चिंधीतली गोळी. गजाने ढकलून ती ना पुढे ना मागे. असा बार उडवला तर नळीच फुटायची. बार पेटवणारी केप अजून चढवली नव्हती, एवढंच नशीब. मी चुलीवर पाणी ठेवायला गेलो. तेवढ्यात काकीने, म्हणजे दादाच्या आईने (ती गावात आमच्याकडेच असते), बंदूक उचलून कोयत्या-फाळांशेजारी पाटावर मांडली आणि गंध लावलं.

"काकी, आत बार अडाकलोहा. पाणी ओतून काढूक व्हयो."

"पूजेक बसलेली हत्यारां दसरो होयसर हलवची नाय. देवाक कळता."

"देवाक कळता गो, डुकरांका खंय कळता?"

दादाने हात जोडले. "परंपरा आहे रे." सकाळपासून नळीत चिंध्या कोंबणाऱ्याला आता परंपरा आठवली!

त्या रात्री बायकोने नि मी मळ्यावर डबे बडवले. डुकरांना डबा आणि बार यांतला फरक माणसांपेक्षा चांगला कळतो. दसऱ्याच्या सकाळी निम्मा मळा चिखलात लोळलेला. बायको बांधावर बसून एकेक लोंबी उचलून पाहत होती. दादा पँट वर धरून आला आणि म्हणाला, "आटे असते तर..." मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज बारीक होता, म्हणून शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही.

सोनं वाटून झाल्यावर काकीने पाट उचलू दिला. गरम पाणी ओतलं, गजाच्या टोकाला मळसूत्र लावून गोळी ओढली. काळ्या गाळासकट माझ्या पंच्याचा लाल काठ बाहेर आला.

परवा दादाचा फोन. दरवर्षीची उकड्या तांदळाची गोण अजून कशी नाही पोचली?

"ह्या वर्षी तुका तांदूळ नाय," मी म्हटलं. "आमकाच पुराचे नाय."

मला वाटलं, लेकासाठी काकी आता मधे पडेल. ती पडवीतून ओरडली, "आणि त्याका सांग, पंचो पाठव!"